माझ्याच पेशी मला परत

मी वायरमन होतो. हिंगोलीकडचं गोरेगाव आणि आजूबाजूच्या सहा-सात खेड्यांच्या लाईनी माझ्याकडं होत्या. ज्यांना माझ्यासारखा आजार झालाय, किंवा ज्यांच्या घरात तो शिरलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डॉक्टरांनी सांगायच्या गोष्टी डॉक्टर सांगतील. माझ्यावर काय गुजरलं तेवढंच मी सांगतो. आणि आधीच सांगून ठेवतो, याचा शेवट मी खडखडीत बरा झालो असा नाही.

मान वाकवली की

सुरुवात मानेपासून झाली. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि मानेपासून कमरेतून थेट दोन्ही पायांच्या अंगठ्यांपर्यंत करंट गेला. हे मी उपमा म्हणून सांगत नाही. बारा वर्षं लाईनवर काढली होती, दोनदा बारीक झटके खाल्ले होते. करंट म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. हा तोच होता. मान वर केली की बंद, वाकवली की चालू.

खाजाभाईंना सांगितलं. खाजाभाई आमच्याच सेक्शनचे जुने वायरमन. मला पोलावर चढायला त्यांनीच शिकवलं. ते म्हणाले, जुना झटका अंगात राहिला असेल, माझ्याही बोटात राहिलाय. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मग पायांचं सुरू झालं. तळव्याखाली गादी घातल्यासारखं वाटायचं. चप्पल पायातून निसटायची आणि मला ते चार पावलं पुढं गेल्यावर कळायचं. एप्रिल लागला तसे दुपारी पाय शिशासारखे जड व्हायला लागले. संध्याकाळी अंगावर दोन बादल्या गार पाणी घेतलं की सुटायचे. त्यामुळं घरात कुणाला खरं वाटेना. खरं तर मलाही वाटेना. आजार असता तर तो ऊन बघून आला असता का?

बाजाराच्या दिवशी भर गर्दीत माझा तोल गेला. झोकांड्या खात एका टपरीच्या बाकड्याला धरून उभा राहिलो. दोन दिवसांनी ऑफिसात तक्रार गेली, वायरमन ड्युटीवर पिऊन असतो. साहेबांनी बोलावलं, टेबलाच्या त्यांच्या बाजूला यायला सांगितलं आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. मी आयुष्यात दारूला शिवलो नव्हतो. साहेब वाईट माणूस नव्हते. वास आला नाही म्हणून त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, डॉक्टरला दाखवा.

हे मी घरी सुनंदाला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही. तिला ते आधीच कळलं होतं. पाण्याच्या टाकीवर कुणीतरी तिला विचारलं होतं, तुझा नवरा कवापासून घ्यायला लागला म्हणून.

शेवटचा पोल चढलो तो एका मळ्यातला. वर गेलो, बेल्ट अडकवला आणि उजवा पाय कुठं आहे ते मला कळेनासं झालं. खाली बघितलं तर पाय होता, जागेवर होता. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो माझा नव्हता. मी पोलाला मिठी मारून तसाच थांबलो. खाली खाजाभाई होते. ते त्या वयात वर चढून आले आणि माझं एकेक पाऊल हातानं धरून खालच्या खालच्या पायरीवर ठेवत मला उतरवलं. खाली आल्यावर त्यांनी माझा बेल्ट सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "संतोष, ही झटक्याची तकलीफ न्हाई. उद्याच्या उद्या नांदेड गाठ."

नांदेड

एमआरआयच्या मशिनीत पाऊण तास आवाज ऐकत पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो दाखवले. मेंदूत आणि मानेच्या मणक्यात पांढरे ठिपके होते. डॉक्टर मध्यमवयीन, हळू बोलणारे. त्यांनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. ते म्हणाले, मग तुम्हाला समजवायला सोपं आहे. मज्जातंतूंवर एक आवरण असतं, वायरीवर असतं तसं. शरीराची रोगांशी लढणारी जी फौज असते, ती चुकून तुमच्याच वायरीचं आवरण खायला लागलीय. ज्या ज्या जागी खाल्लंय तिथं पांढरा ठिपका.

नाव त्यांनी मग सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. एमएस.

सुनंदानं एकच विचारलं, यानं माणूस मरतं का. सहसा मरत नाही, डॉक्टर म्हणाले, पण कुठं जाऊन थांबेल ते सांगता येत नाही. मी विचारलं, पोलावर परत कधी चढू. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, पोल आता विसरा.

इतरांना मरणाची भीती वाटत असेल. मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या "मरत नाही" याचीच भीती वाटली. किती वर्षं, कुणाच्या हातून, कुठल्या खाटेवर, हे सगळं त्या दोन शब्दांत होतं.

परतीची गाडी धरली. वसमतच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा सुनंदानं केळी घेतली आणि ती घरापर्यंत तशीच आली. फोटोंचं पाकीट दुमडू नये म्हणून तिनं सगळी वाट ते दोन्ही हातांनी छातीशी उभं धरलं होतं. मला त्याचाही राग आला. दुमडलं तर दुमडू दे, असं मी तिच्या अंगावर खेकसलो. औंढा गेल्यावर ती म्हणाली, गौरीला काय सांगायचं? गौरी आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. आत्ता काहीच सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं.

तिसऱ्या दिवशी दप्तर भरता भरता गौरीनंच विचारलं, "पप्पा, तुमच्या वायरचं कव्हर परत बसवता येत न्हाई का?"

पाचव्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या

गोळ्या सुरू झाल्या. अनेकांना त्या गोळ्यांनी थांबतं. माझं थांबलं नाही. वर्षभरात तीनदा आजाराचा झटका आला. एकदा डावा डोळा गेला, म्हणजे पूर्ण नाही, धुरकट काचेतून बघावं तसा. एकदा उजव्या हाताची बोटं वळेनात. तिसऱ्या वेळी लघवी अडली. नळी घालून घ्यावी लागली आणि ती पिशवी घेऊन मी माझ्याच अंगणात बसायचो, वर टॉवेल टाकून. आलेल्या माणसाला आधी टॉवेल दिसायचा. लोकांनी येणं कमी केलं. मला बरंच वाटलं.

माझी आई, तिला आम्ही माय म्हणतो, तिनं औंढ्याच्या देवळात जाऊन काय काय कबूल केलं ते तिलाच ठाऊक. तिच्या भाच्यानं एके दिवशी मोबाईलवर एक व्हिडिओ आणून दाखवला. खुर्चीतला माणूस, मग तोच माणूस चालताना. मोठ्या शहरातला दवाखाना. इलाजाचं नाव स्टेम सेल. माय हात जोडून म्हणाली, एवढं एक करून बघ. मला तिनं हात जोडायची गरज नव्हती. मी स्वतः चार दिवस तोच व्हिडिओ पांघरुणात लपून बघत होतो.

पैशांचं कसं केलं ते इथं सांगत बसत नाही. काचेची दारं होती, एसी होता, भिंतीवर चालणाऱ्या माणसांचे फोटो होते. तिथल्या डॉक्टरानं माझ्या गुडघ्यावर हातोडी मारून बघितली नाही, की माझे जुने फोटो उजेडासमोर धरले नाहीत. म्हणाला, पेशी हुशार असतात, जिथं बिघाड आहे तिथं त्या स्वतः जाऊन पोचतात. कमरेच्या हाडातून काहीतरी काढलं, पाठीत काहीतरी सोडलं. चार दिवसांत घरी.

पाचव्या दिवशी मी काठी बाजूला ठेवून ओसरी ते फाटक चालून दाखवलं. शेजारच्या बाया जमल्या होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मायनं दृष्ट काढली. सुनंदा तेवढी माझ्या उजव्या पायाकडं बघत होती. पाय तसाच घासत होता. तिला दिसलं होतं, ती बोलली नाही. आणि मला कळत होतं, मी बोललो नाही.

तीन आठवडे झाले नसतील, दोन्ही पाय गेले. सकाळी खाटेवरून उतरायला गेलो आणि जमिनीवर पडलो. दवाखान्याला फोन लावला तर म्हणाले, अजून एक सिटिंग घ्यावं लागेल. पुढं पुढं फोन उचलेनात.

यावरून एवढंच सांगतो. जिथं सगळ्या आजारांवर एकच इलाज आहे आणि आलेल्या कुणालाच तुमचं यात काम नाही असं सांगत नाहीत, तिथून उठून या. पण हेही खरं की तेव्हा मला कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याचं ऐकलं नसतं. बुडणाऱ्याच्या हाताला जे लागेल ते तो धरतो, आणि मी बुडत होतो.

तोच शब्द, दुसऱ्या तोंडून

नांदेडच्या डॉक्टरांपुढं गेलो तेव्हा वाटलं होतं ओरडतील. ते ओरडले नाहीत. सलाईनमधून औषधं देऊन त्यांनी मला पुन्हा काठीवर उभं केलं आणि पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली.

तिथं रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी माझी फाईल पहिल्या पानापासून वाचली, आम्ही समोर बसून होतो. मग म्हणाल्या, तुमच्या बाबतीत स्टेम सेल प्रत्यारोपणाचा विचार करता येईल.

सुनंदा उठली. तिनं माझी काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, चला. बाईंनी तिला अडवलं नाही. फक्त विचारलं, आधी कुठं करून आलात का? सुनंदानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, टाळ्यांसकट.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग सांगितलं की हे ते नाही. या पेशी नसांची दुरुस्ती करत नाहीत. तुमच्या रक्तातून तुमच्याच पेशी काढून गोठवून ठेवायच्या. मग कॅन्सरची असतात तशी जालीम औषधं देऊन ती चुकलेली सगळी फौज मारून टाकायची. आणि ठेवलेल्या पेशी परत द्यायच्या, म्हणजे रक्त पहिल्यापासून नव्यानं तयार होईल. गेलेलं काही परत येणार नाही. पाय आहे तसाच राहील. जे उरलंय ते उरावं, एवढ्याचसाठी हे करायचं. काहींना एवढं करूनही उपयोग होत नाही. आणि थोडे जण यातून घरी जात नाहीत.

सुनंदा खाली बसली. बाहेर आल्यावर मी विचारलं, काहून बसलीस? ती म्हणाली, "या बाईनी काय होणार न्हाई ते आधी सांगितलं. म्हणून मला खरं वाटून राहिलं."

सही

आता जे सांगतो ते सांगायला जड जातं.

तपासणीच्या वेळी खोलीत मी एकटा होतो. एका तरुण डॉक्टरानं विचारलं, मुलं किती? म्हटलं, एक मुलगी. तो म्हणाला, या औषधांनंतर बहुतेक पुन्हा मूल होणार नाही. हवं असेल तर आधी बीज साठवून ठेवता येतं, आजच सांगा, व्यवस्था करू. मी म्हटलं, नको, एक आहे तेवढी बस. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

मी असं का म्हटलं? लाज वाटली. मला कुठल्या खोलीत पाठवतील, हातात काय देतील, ते डोळ्यापुढं आलं. आणि खरं म्हणजे मी यातून जगणारच नाही असं मी मनात धरून बसलो होतो. मेलेल्या माणसाला कशाला हवं साठवून ठेवायला.

सुनंदा त्या वेळी गौरीला मायकडं सोडायला गावी गेली होती. पेशी काढायच्या आधीच्या, पहिल्या टप्प्याच्या औषधाला माझ्या एकट्याच्या सहीवर भागलं. मोठ्या औषधासाठी भरती व्हायच्या दिवशी मात्र तिची सही लागत होती. रुग्णालयातला माणूस फॉर्म एकेक कलम वाचून दाखवत होता आणि ती मान हलवत होती. मुलाच्या कलमावर आल्यावर ती म्हणाली, हे परत वाचा. त्यानं परत वाचलं. साठवण्याबद्दल रुग्णाला विचारलं होतं, रुग्णानं नकार दिलाय, असंही वाचलं. तिनं विचारलं, ते आत्ता करता येतं का? तो म्हणाला, पहिलं औषध गेलंय, आता नाही.

इथं एक सांगायला हवं. याच्या तीन वर्षं आधी सुनंदाला दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यात ते पोट पडलं होतं. त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. मग माझा आजार आला आणि बोलायला जागाच राहिली नाही.

तिनं सही केली. पूर्ण नाव, अक्षर नेहमीसारखं नीट. बाहेर बाकड्यावर माझ्या शेजारी बसली आणि समोर बघत म्हणाली, "तुमी मला विचारलं न्हाई. मी बी नकोच म्हटलं असतं, आधी तुमी जगा म्हटलं असतं. पण मला विचारायला पायजे होतं."

  त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी औषधापुरतं बोलली. आणि पुढचा महिनाभर तिलाच माझ्यासोबत एका खोलीत कोंडून घ्यायचं होतं, कारण आत एकच माणूस राहू शकत होतं.

खोली

खोलीला दोन दारं होती. एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे. खिडकी होती, पण उघडत नव्हती. सकाळी वजन, मग रक्त, मग चूळ भरायचं औषध, मग अंग पुसणं, मग गोळ्या. कच्चं काही नाही, दही नाही, फळ नाही. कुकरमध्ये उकळून आणलेलं जेवण, त्याला कुकरचीच चव. सुनंदा दिवसभर मास्कमध्ये. महिनाभर मी तिचे फक्त डोळे बघितले.

पेशी आधीच काढल्या होत्या. त्यासाठी पोटात इंजेक्शनं दिली होती आणि कमरेची हाडं आतून फुटतायत असं चार दिवस वाटत होतं. आता मोठं औषध सुरू झालं. आठवड्याभरात केस उशीवर यायला लागले. सुनंदा चिकटपट्टीचा तुकडा बोटाला गुंडाळून ते टिपून काढायची, मी जागा व्हायच्या आत, म्हणजे मला दिसू नयेत.

पेशी परत दिल्या तो दिवस मला मोठा वाटला होता. एका डब्यातून वाफ निघत होती, त्यातून हाताच्या पंजाएवढी पिशवी काढली, कोमट पाण्यात धरली आणि गळ्याजवळच्या नळीतून सोडली. माझ्या तोंडाला कसलीशी चव आली आणि खोलीत उकडलेल्या मक्यासारखा, लसणासारखा वास पसरला. अर्ध्या तासात संपलं. सिस्टर म्हणाल्या, आज दिवस शून्य, आता इथून मोजायचं. मी छताकडं बघत पडलो. काही झालं नाही. एवढ्यासाठी आलो होतो आणि काहीच झालं नाही.

झालं ते पुढं. पाचव्या दिवशी तोंड आतून सोलून निघालं. स्वतःची थुंकी गिळता येईना. जुलाब लागले, कपड्यातच व्हायचे. सुनंदा साफ करायची आणि मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. आठव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, खाट हलेल इतका. ताप चढला तसे माझे दोन्ही पाय मेले. माझ्या आजारात अंग तापलं की नसा बंद पडतात. डॉक्टर सांगत होते की हे तात्पुरतं आहे. पण मला वाटलं संपलं. केस गेले, मूल गेलं, आणि पायही गेले. सगळं देऊन मी हे विकत घेतलं.

नवव्या दिवशी दुपारी मी गळ्याजवळच्या नळीला हात घातला. हे मी रागानं केलं नाही. शांतपणे केलं. सुनंदा शेजारीच होती. तिनं माझं मनगट धरलं. मी म्हटलं, जाऊ दे मला. माझ्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, तरी तिला कळलं.

ती ओरडली नाही, तिनं घंटी दाबली नाही. मनगट तसंच धरून म्हणाली, "गौरीला मी काय सांगू, तेवढं सांगा. मंग काढा."

मी विचार करायला लागलो. खरोखर विचार करायला लागलो, काय सांगावं. आजारानं गेले म्हणावं, तर ते खोटं. कंटाळून गेले म्हणावं, तर ते एका दहा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? मला वाक्य सापडेना. हातातली ताकद सुटली. सिस्टर औषध घेऊन आल्या तेव्हाही सुनंदानं मनगट सोडलं नव्हतं. बोटांचे वळ दुसऱ्या दिवशी काळेनिळे झाले, कारण रक्तात गोठवणारं काही उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं हे कशानं. सुनंदा म्हणाली, माझ्यानं.

त्या सिस्टर परभणीच्या होत्या, हे मला दहाव्या दिवशी कळलं. तोपर्यंत त्या पुण्यासारखं बोलायच्या. त्या दिवशी पेजेची वाटी तशीच बघून म्हणाल्या, काहून खाऊन नाही राहिले हो? मला एकदम रडू आलं. दोन चमचे पेज मी त्या एका वाक्यावर गिळली.

रोज दुपारी रक्तात पांढऱ्या पेशी किती ते सांगणारा कागद यायचा. शून्य. शून्य. शून्य. बाराव्या दिवशी सिस्टरनं कागद पुढं केला, दोनशे. सुनंदानं विचारलं, दोनशे म्हणजे चांगलं का? त्या म्हणाल्या, चांगलं नाही, पण शून्य नाही.

शेजारच्या खोलीत अठरा वर्षांची एक मुलगी होती, रक्ताच्या कॅन्सरची. तिच्या वडिलांची आणि सुनंदाची वॉर्डातल्याच, जेवण गरम करायच्या पँट्रीत ओळख झाली होती. चौदाव्या दिवशी सुनंदा डबा गरम करायला गेली आणि बऱ्याच वेळानं आली. काय झालं विचारलं तर म्हणाली, रांग होती. ती मुलगी त्या दिवशी गेली हे तिनं मला घरी आल्यावर दोन महिन्यांनी सांगितलं.

मग काय उपयोग झाला

घरी आलो तेव्हा पुढची खोली धुऊन चुना मारून ठेवली होती. तीन महिने कुणी आत यायचं नव्हतं. माय दारात बसून बघायची. गौरी दाराच्या चौकटीला टेकून अभ्यास करायची आणि अडलेली गणितं तिथूनच विचारायची. खाजाभाई रस्त्यावर मोटारसायकल उभी करून तिथूनच मोठ्यानं लाईनच्या बातम्या सांगायचे, कुठला ट्रान्सफॉर्मर उडाला, कुठं तार तुटली.

तीन महिन्यांनी लोक आले ते मला चालताना बघायला आले. मी काठी टेकत, पाय ओढत बाहेर आलो. त्यांचे चेहरे पडलेले मला दिसले. शेवटी मायनंच विचारलं. तिनं टोमणा मारला नाही, तिला खरंच समजत नव्हतं. म्हणाली, पाय तर तसाच हाय लेकरा, मंग काय उपयोग झाला?

मी तिला समजावलं की पाय तसाच आहे हाच उपयोग. तिला ते पटलं असं वाटत नाही. काही दिवस मलाही पटत नाही.

आता दोन वर्षं होऊन गेली. नवा झटका आलेला नाही. फोटोत नवा ठिपका नाही. डोळा आहे तसा धुरकट आहे. ऑफिसात मला तक्रारीच्या फोनवर बसवलंय. लाईट कधी येईल म्हणून लोक शिव्या देतात, मी ऐकून घेतो आणि वहीत लिहितो. उन्हाळ्यात दुपारी मला घरी पाठवतात. बोटाला मुंग्या आल्या तरी काळजात धस्स होतं. दरवर्षी फोटो काढायच्या आधी आठ दिवस मी माणसासारखा वागत नाही, घरातले मला सांभाळून घेतात.

कुणी फाईल घेऊन येतं आणि विचारतं, करावं का? मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. माझ्यापुरतं सांगतो. आणि एक सांगतो, जे काही ठरवाल ते घरातल्या माणसाला विचारून ठरवा, लाजू नका, डॉक्टरानं विचारल्यावर माझ्यासारखं अर्ध्या मिनिटात उत्तर देऊ नका.

डोस

एक गोष्ट मला आधी कुणी नीट सांगितली नव्हती. फौज नवी झाली की लहानपणी घेतलेल्या लसी शरीर विसरून जातं. त्या परत घ्याव्या लागतात, बाळासारख्या, एकेक करून. पुण्याहून यादी मिळाली होती. सुनंदानं हिंगोलीहून लस बर्फाच्या थर्मासमध्ये आणली आणि आम्ही गावच्या उपकेंद्रात गेलो. नेमका लसीकरणाचा दिवस होता. ओट्यावर पंधरा-वीस बाया लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या, त्यांच्या मधे मी.

नर्सबाई नवीन होत्या. त्यांनी वही उघडली आणि मान वर न करता सुनंदाला विचारलं, लेकरू कुठंय? सुनंदानं माझ्याकडं बोट केलं. म्हणाली, हेच. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, सुनंदाही हसली.

माझ्या दंडाला सुई टोचून झाली. शेजारच्या एका पोरसवदा आईला कार्डावर शिक्का घ्यायला आत जायचं होतं. तिनं आपलं बाळ सुनंदाकडं दिलं. दोन-अडीच महिन्यांचं असेल. मांडीला सुई लागलेली, रडून लाल झालेलं. सुनंदानं ते खांद्यावर घेतलं, पाठीवर हात फिरवत ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. ते गप्प झालं. आई आली आणि घेऊन गेली. सुनंदाच्या खांद्यावर बाळानं दूध काढलेलं होतं, ते तिनं पुसलं नाही.

उपकेंद्रापासून आमचं घर दुसऱ्याला पाच मिनिटं, मला वीस. सुनंदा माझ्या चालीनं चालत होती. चावडी मागं पडल्यावर मी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"सुनंदा, तुला अजून एक पायजे होतं का?"

ती थांबली नाही. थर्मास तिनं या हातातून त्या हातात घेतला.

"व्हय," ती म्हणाली. चार पावलांनंतर म्हणाली, "लय पायजे होतं."

मला वाटलं ती अजून काही बोलेल, निदान रडेल. तिनं माझ्या पायाकडं बघितलं, मग वर आभाळाकडं बघितलं.

"चला," म्हणाली, "ऊन वाढून राहिलं. पाय जड व्हतील तुमचे."